गॅस संपत नाही, गळतो

मार्च उजाडला की आमच्या सोसायटीत एसी सर्व्हिसिंगवाल्यांचा राबता सुरू होतो आणि एक वाक्य हमखास कानावर पडतं : "काका, गॅस संपलाय. टॉप-अप मारावा लागेल." सलग तीन उन्हाळे मी हे ऐकून निमूटपणे पैसे मोजले. चौथ्या वर्षी विचारलं, "अरे, संपतो म्हणजे जातो कुठे?" पोरगा क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, "वापरला जातो ना काका. गाडीत पेट्रोल संपतं तसा."

सगळी गोम इथेच आहे. पेट्रोल जळतं म्हणून संपतं. एसीतला किंवा फ्रिजमधला गॅस जळत नाही, झिजत नाही, शिळा होत नाही. बंद नळ्यांमध्ये तो वर्षानुवर्षं गोल गोल फिरत असतो. माझ्या आईच्या फ्रिजमध्ये वीस वर्षं कुणी थेंबभर गॅस भरला नव्हता. तेव्हा गॅस कमी झाला याचा अर्थ एकच : कुठेतरी गळतोय. आणि या वायूंनी पर्यावरणाचं जे काही बरंवाईट केलं, ती कहाणी बरीचशी या गळतीचीच आहे. नळीच्या आत असेपर्यंत जगातला सगळ्यात वाईट गॅससुद्धा कुणाचा केस वाकडा करत नाही.

आधी हा गॅस आत काय करतो ते बघू. माठातलं पाणी गार का होतं हे आपण शाळेत शिकलोय. माठ पाझरतो, बाहेरच्या पाण्याची वाफ होते आणि वाफ व्हायला लागणारी उष्णता ते आतल्या पाण्याकडून घेतं. इंजेक्शनच्या आधी नर्स दंडावर स्पिरिट फिरवते तेव्हा गार वाटतं तेही याचमुळे. फ्रिज आणि एसी याहून वेगळं काही करत नाहीत. फरक एवढाच की माठातली वाफ हवेत निघून जाते, फ्रिजमधली वाफ आपण पकडून परत द्रव करतो. घरातल्या कूलिंग कॉइलमध्ये द्रव उकळतो आणि खोलीतली उष्णता पिऊन घेतो. ती वाफ कॉम्प्रेसर दाबतो, दाबल्यामुळे ती तापते, गॅलरीतल्या आऊटडोअरमध्ये पंख्याच्या वाऱ्यावर ती उष्णता बाहेर टाकते आणि पुन्हा द्रव होते. मग एका केसासारख्या बारीक नळीतून दाब सोडला की परत उकळायला तयार. असा जो द्रव-वायू उष्णतेचा हमाल होऊन राबतो त्याला रेफ्रिजरंट म्हणतात. मेकॅनिकच्या भाषेत नुसता 'गॅस'.

हमाल कसा हवा? खूप कमी तापमानाला उकळणारा. साध्या दाबाला पाणी १०० अंशांना उकळतं, अमोनिया उणे ३३ला, जुन्या एसीतला आर-२२ नावाचा गॅस उणे ४१ला. सुरुवातीच्या काळात, म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून, जे हाताशी होतं ते वापरलं गेलं : अमोनिया, सल्फर डायऑक्साइड, मिथाइल क्लोराइड. तिन्ही विषारी. १९२०च्या दशकात बर्लिनमध्ये फ्रिजमधून गळलेल्या गॅसने एक कुटुंबच्या कुटुंब दगावल्याची बातमी आली, तेव्हा खुद्द आइनस्टाइन आपला मित्र लिओ झिलार्ड याच्यासोबत गळणार नाही असा फ्रिज बनवण्याच्या मागे लागले. १९३०मध्ये त्यांना अमेरिकेत त्याचं पेटंटही मिळालं. फ्रिज काही बाजारात आला नाही, कारण तोवर दुसरीकडे वेगळाच 'तोडगा' सापडला होता.

तो तोडगा थॉमस मिजली या अमेरिकन अभियंत्याचा. १९२८मध्ये त्याच्या गटाने कार्बन, क्लोरिन आणि फ्लोरिन जोडून एक वायू बनवला. वास नाही, विषारी नाही, पेटत नाही. १९३०मध्ये रसायनशास्त्रज्ञांच्या सभेत मिजलीने हा वायू छातीत भरून घेतला आणि फुंकर मारून पेटती मेणबत्ती विझवली. एका दमात दोन गोष्टी सिद्ध : माणूस मरत नाही, आग लागत नाही. हाच पुढे फ्रिऑन म्हणून जगभर गेला. जुने मेकॅनिक आजही कोणत्याही गॅसला फ्रिऑन म्हणतात. (पेट्रोलमध्ये शिसं घालण्याची कल्पनाही याच गृहस्थाची. एका माणसाच्या नावावर अशा दोन गोष्टी असाव्यात, हे विरळाच.) पण मिजलीला दोष देताना मी जरा थांबतो. ज्या कसोट्या तेव्हा ठाऊक होत्या त्या सगळ्या या वायूने पार केल्या होत्या. आकाशात वीस-पंचवीस किलोमीटर वर काय होईल ही कसोटीच कुणाला सुचली नव्हती.

फ्रिऑनचा गुण होता टिकाऊपणा, आणि तोच नडला. इथे खाली त्याला काहीच मोडू शकत नाही, म्हणून गळलेला वायू वर वर जात राहतो. ओझोनच्या थरात पोचल्यावर मात्र सूर्याची कडक अतिनील किरणं त्याचा रेणू फोडतात आणि क्लोरिनचा अणू सुटा होतो. हा अणू ओझोनचा एक रेणू मोडतो, त्यातून बाहेर पडतो, दुसरा मोडतो. स्वतः मात्र शाबूत. एक क्लोरिन अणू असे एक लाखापर्यंत ओझोन रेणू खाऊ शकतो. मारिओ मोलिना आणि शेरवुड रोलँड यांनी १९७४मध्ये हे कागदावर मांडलं तेव्हा कंपन्यांनी नाकं मुरडली. १९८५मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञांनी अंटार्क्टिकावरच्या ओझोनचं छिद्र जगासमोर ठेवलं आणि वाद मिटला. १६ सप्टेंबर १९८७ला ओझोन खाणारे वायू टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा माँट्रियल करार झाला. १९९२मध्ये भारतही त्यात सामील झाला. मोलिना-रोलँड यांना पॉल क्रुट्झन यांच्यासोबत १९९५चं नोबेल मिळालं.

जागतिक करार म्हटलं की आपण हसतो, पण हा करार खरोखर चालला. ओझोनचा थर भरून येतोय. संयुक्त राष्ट्रांच्या २०२२च्या अंदाजानुसार बहुतेक जगावरचा थर २०४०च्या सुमारास १९८०च्या पातळीवर येईल, अंटार्क्टिकावरचा २०६६च्या सुमारास. इतका वेळ का, तर जुन्या फ्रिजमधला आर-१२, म्हणजे मिजलीचा तो फ्रिऑन, हवेत साधारण शंभर वर्षं टिकतो. आजोबांच्या फ्रिजमधून सुटलेला वायू नातवाच्या डोक्यावर अजून आहेच.

आता एक गंमत दाखवतो. गॅलरीत जा आणि आऊटडोअरच्या कुशीला चिकटवलेलं स्टिकर वाचा. फ्रिज असेल तर मागे, कॉम्प्रेसरपाशी. आर-२२, आर-३२, आर-१३४ए, आर-२९० असा काहीतरी आकडा असेल. हा आकडा म्हणजे कंपनीचा मॉडेल नंबर नव्हे, ती त्या रेणूची जन्मपत्रिका आहे. त्यात ९० मिळवा. २२ अधिक ९० म्हणजे ११२. पहिला अंक कार्बनचे अणू, दुसरा हायड्रोजनचे, तिसरा फ्लोरिनचे. म्हणजे आर-२२मध्ये कार्बन एक, हायड्रोजन एक, फ्लोरिन दोन. कार्बनला हात चार असतात. तीन भरले, एक मोकळा राहिला. त्या मोकळ्या हातात क्लोरिन.

आर-१२ करून बघा. १०२ : कार्बन एक, हायड्रोजन नाही, फ्लोरिन दोन. दोन हात मोकळे, म्हणजे क्लोरिन दोन. आर-३२ : १२२. हायड्रोजन दोन, फ्लोरिन दोन, चारही हात भरले, क्लोरिन शून्य. आर-२९० : ३८०. कार्बन तीन, हायड्रोजन आठ, फ्लोरिन शून्य. हा तर साधा प्रोपेन, आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या गॅसचा सख्खा भाऊ. ४००च्या घरातले आकडे मात्र मिश्रणांचे, तिथे ही युक्ती चालत नाही. ६००च्या घरातही नाही. ७००च्या घरात निसर्गातले साधे पदार्थ येतात आणि शेवटचे दोन अंक म्हणजे रेणूचं वजन. अमोनियाचं १७, म्हणून आर-७१७. कार्बन डायऑक्साइडचं ४४, म्हणून आर-७४४. पाण्याचं १८. म्हणजे आपला माठ आर-७१८वर चालतो.

ही पत्रिका वाचता आली की कोणता गॅस काय नुकसान करेल हे बरंचसं स्टिकरवरूनच कळतं. क्लोरिन असेल तर तो ओझोन खाणार. फ्लोरिन भरपूर असेल तर रेणू चिवट होणार आणि उष्णता अडवणार. हायड्रोजन भरपूर असेल तर तो पेटणार. तिन्ही काढून टाकावेत तर रेणूत उरतं काय? बिनदोषाचा गॅस शोधणं म्हणजे बिनकाट्याचा मासा शोधण्यासारखं आहे. गेल्या शंभर वर्षांत आपण एक दोष देऊन दुसरा घेत आलोय, एवढंच.

पहिला सौदा असा. आर-१२ हद्दपार झाला, पण घरगुती एसीत आधीपासून असलेला आर-२२ टिकला, कारण त्यात क्लोरिन एकच आणि हायड्रोजन असल्यामुळे रेणू खालच्या हवेतच बराचसा मोडतो. ओझोनला त्याचा त्रास आर-१२च्या विसाव्या हिश्श्याएवढा. पण शून्य नाही, म्हणून तोही हद्दपारीच्या यादीत आला. भारतात २०२५पासून नव्या यंत्रांत हा गॅस घालता येत नाही. जुन्या एसीच्या दुरुस्तीपुरता तो अजून मिळतो. मग क्लोरिन पूर्ण काढून नुसत्या फ्लोरिन-हायड्रोजनचे वायू आले : गाड्यांमध्ये आणि फ्रिजमध्ये आर-१३४ए, एसीत आर-४१०ए. दुकानदार त्यांना 'इको-फ्रेंडली गॅस' म्हणून विकायचे. ओझोनपुरतं ते खरंच होतं.

इथे एक घोळ सोडवायला हवा, कारण तो शिकलेली माणसंही करतात. ओझोनचं छिद्र आणि तापमानवाढ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. छिद्रातून ऊन आत येतं म्हणून पृथ्वी तापते, असं नाही. पृथ्वी आपली उष्णता अदृश्य किरणांच्या रूपाने रात्रंदिवस बाहेर टाकत असते. हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड गोधडीसारखे ती अडवतात. पण या गोधडीला एक मोठं भोक आहे, काही लांबीची किरणं त्यातून सुखरूप निसटतात. कार्बन-फ्लोरिनची जोडी नेमकी तीच किरणं शोषते. गोधडीच्या भोकाला ठिगळच बसतं म्हणा ना.

हे ठिगळ किती जाड, ते सांगायला जीडब्ल्यूपी नावाचा आकडा वापरतात. एक किलो कार्बन डायऑक्साइड शंभर वर्षांत जेवढी उष्णता अडवेल त्याच्या किती पट हा गॅस अडवेल, असा त्याचा अर्थ. आकडे अहवालागणिक थोडे सरकतात, पण सरकारी कागदपत्रांत सहसा जे धरले जातात ते असे : आर-१२चा १०,९००. आर-२२चा १,८१०. आर-१३४एचा १,४३०. आर-३२चा ६७५. आर-२९०चा जेमतेम ३. आर-४१०ए म्हणजे आर-३२ आणि आर-१२५ यांची निम्मेनिम मिसळ. आर-१२५चा आकडा ३,५००. ६७५ आणि ३,५०० यांची सरासरी काढा, २,०८८ येते. तोच आर-४१०एचा आकडा.

माझ्या एसीत हाच होता. तीन उन्हाळे, दर वेळी अर्धा किलो. दीड किलो गॅस हवेत म्हणजे ३,१३० किलो कार्बन डायऑक्साइडएवढा मार. एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे हे झालं १,३६० लिटर पेट्रोल. पंधराचं ॲव्हरेज धरलं तर वीस हजार किलोमीटर. मी गाडी न काढता पुणे-मुंबईच्या १३६ खेपा मारल्या होत्या, त्याही गॅलरीत उभ्या असलेल्या एका डब्यातून.

विजेचा हिशेबही यात धरायला हवा. आपल्याकडे वीज अजून बहुतांश कोळशाची, चंद्रपूर-कोराडीची. एका युनिटमागे साधारण ७०० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड धरतात. हंगामात हजार युनिटं खाणारा एसी म्हणजे वर्षाला ७०० किलो. एसी गळत नसेल तर खरा बोजा विजेचाच, आणि मग गॅसपेक्षा किती स्टारचा घेता, किती अंशांवर लावता याला जास्त महत्त्व. पण माझ्यासारखा गळका असेल तर अर्ध्या किलोचे हजार-एक किलो होतात. म्हणजे गळतीने विजेलाही मागे टाकलं. शिवाय गॅस कमी असताना कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो, बिल वाढतं ते निराळंच.

म्हणून ऑक्टोबर २०१६मध्ये रवांडातल्या किगाली शहरात माँट्रियल कराराला पुरवणी जोडली गेली. आता हे फ्लोरिनवाले वायूही टप्प्याटप्प्याने कमी करायचे ठरलंय. श्रीमंत देशांनी २०१९पासून सुरुवात केली. भारताला उकाड्याचा आणि गरिबीचा विचार करून सवलत मिळाली : २०२८मध्ये वापर गोठवायचा आणि २०४७पर्यंत ८५ टक्क्यांनी खाली आणायचा. आपल्याकडे घराघरांत एसी आता कुठे शिरू लागलाय, हे लक्षात घेतलं तर ही सवलत मला रास्त वाटते. पण नवा एसी दहा-बारा वर्षं चालतो. आज विकला जाणारा गॅस तेव्हाच्या हवेत असणार.

मग यापुढे काय? सध्या दुकानात गेलात तर बहुतेक एसी आर-३२चे दिसतील. आकडा ६७५, म्हणजे आर-४१०एच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी, आणि त्याच कामाला गॅसही कमी लागतो. आगीशी संबंध येतो, पण तो मंद पेटणाऱ्यांच्या गटात मोडतो. फ्रिजचा प्रश्न तर केव्हाच सुटलाय. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत ग्रीनपीस संघटनेने बुडत्या पूर्व जर्मन फ्रिज कारखान्याला हाताशी धरून ब्यूटेन-प्रोपेनवर चालणारा फ्रिज काढला. मोठ्या कंपन्यांनी स्फोट होतील म्हणून बोंब मारली आणि थोड्या वर्षांत स्वतःही तेच बनवू लागल्या. आज आपल्या नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्यूटेन असतो. जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. लायटरमधल्या गॅसचा भाऊबंद.

एसीत प्रोपेन घालायचं धाडस आपल्याकडे गोदरेजने दाखवलं. पुणे-सातारा रस्त्यावर शिरवळच्या कारखान्यात त्यांनी २०१२च्या सुमारास आर-२९०चे स्प्लिट एसी काढले. लोक विचारतात, "घरात प्रोपेन? पेटला म्हणजे?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्याच घरात स्वयंपाकघरात १४.२ किलोचा सिलिंडर असतो, एसीत काहीशे ग्रॅम. खरी अडचण दुसरी आहे : सिलिंडरच्या गॅसला गळती कळावी म्हणून मुद्दाम घाण वास घातलेला असतो, एसीतल्या शुद्ध प्रोपेनला नसतो. आणि तो भरणारा माणूस शिकलेला हवा. जुन्या आर-२२च्या एसीत कुणी "हा नवा स्वस्त गॅस घालतो, कूलिंग डबल" म्हणून प्रोपेन भरायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ते यंत्र पेटणाऱ्या गॅससाठी बनवलेलंच नसतं.

अमोनिया मात्र कुठे गेलाच नाही. बर्फाचे कारखाने, दूध डेअऱ्या, कोल्ड स्टोरेज अजून त्यावरच चालतात. मासळीच्या पाट्यांवर पसरायचा चुरा बर्फ बहुधा त्याचाच. ओझोनला त्रास शून्य, तापमानवाढ शून्य, वास मात्र असा की गळती झाली तर शेजारचं गाव उठून बसेल. जीव घेऊ शकतो म्हणून घरात नको, कारखान्यात त्याला तोड नाही. कार्बन डायऑक्साइडचंही युरोपातल्या सुपरमार्केटांत बरं चाललंय. पण त्याची एक खोड आहे : ३१ अंशांच्या वर कितीही दाबलं तरी त्याचा द्रव होत नाही. विदर्भात मे महिन्यात ४५ अंश असताना तो कसा वागेल, ते सांगायला नको. चालवता येतो, पण दाब प्रचंड आणि वीज जास्त. तिथे लोक आपले कूलर लावतात, म्हणजे पुन्हा आर-७१८च. पुण्याची थरमॅक्स कंपनी कारखान्यांच्या फुकट जाणाऱ्या उष्णतेवर चालणारी जी चिलर यंत्रं बनवते, त्यांतही रेफ्रिजरंट म्हणून पाणीच असतं.

परदेशी गाड्यांत आता आर-१२३४वायएफ आलाय. जीडब्ल्यूपी अगदी नगण्य, कारण तो हवेत काही दिवसांतच मोडतो. पण मोडून ट्रायफ्लुरोअॅसिटिक ॲसिड बनतं, ते पावसाबरोबर जमिनीत आणि पाण्यात उतरतं आणि तिथे मोडता मोडत नाही. त्यावरून युरोपात वाद चाललाय. मिजलीची गोष्ट वाचलेल्या माणसाला 'एकदम सुरक्षित नवा गॅस' हे शब्द ऐकले की जरा धास्तीच वाटते.

आता माझ्या एसीकडे येतो. चौथ्या वर्षी मी एका वयस्क मेकॅनिकला बोलावलं. त्याने दाब मोजायचं गेज लावायच्या आधी आऊटडोअरपाशी वाकून नटांवरून बोट फिरवलं आणि बोट मला दाखवलं. तेलकट. "गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेल फिरतं. गॅस दिसत नाही, तेल दिसतं." भांडी घासायच्या साबणाचा फेस त्या नटावर लावला. पाचेक सेकंदांनी एक बुडबुडा फुगला, फुटला, पुन्हा फुगला. तांब्याच्या नळीचं तोंड फुलपात्रासारखं पसरवून नटाखाली बसवतात, ते तिरकं बसलं होतं. पहिल्या फिटिंगपासूनच. त्याने ते तोंड कापून नवं केलं, अर्धा तास पंप लावून नळ्यांमधली हवा ओढून काढली आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भरला. तीन वर्षं आलेल्या पोरांपैकी कुणाकडे ना पंप होता, ना काटा. त्यांतला एक तर नळीतली हवा घालवायला थोडा गॅसच फस्सकन सोडून द्यायचा. पंप वाहून आणण्यापेक्षा ते सोपं.

तोच फस्स आवाज भंगारवाल्याकडेही ऐकू येतो. जुना एसी किंवा फ्रिज आला की पहिली करवत तांब्याच्या नळीवर चालते. तांब्याला भाव आहे, गॅसला नाही. गॅस ओढून टाकीत भरायची यंत्रं असतात, ई-कचऱ्याचे नियमही आहेत, पण मी तरी आमच्या नाक्यावर असं यंत्र कधी पाहिलं नाही.

गेल्या वर्षी आम्ही घर बदललं. एसी काढायला त्याच वयस्क मेकॅनिकला बोलावलं. त्याने एसी चालू ठेवला, षटकोनी चावीने बारीक नळीचा व्हॉल्व्ह बंद केला आणि गेजकडे बघत बसला. काटा हळूहळू खाली येत होता, नळ्यांमधला सगळा गॅस आऊटडोअरमध्ये गोळा होत होता. काटा शून्याला टेकायच्या बेताला आला तसा त्याने जाड नळीचा व्हॉल्व्ह आवळला आणि मला म्हणाला, "स्विच बंद करा साहेब." दोन मिनिटांचं काम. नळ्या सोडवल्या तेव्हा आवाज आला तो फक्त पान्याचा.